गालाआडची दारं

कोल्हापुरी तांबड्या रश्श्याचा एक भुरका घ्या. कानशिलं तापतात, नाकाला पाणी सुटतं, कपाळावर घाम फुटतो आणि बघता बघता गाल लाल होतात. आता तोच रस्सा पार थंड होऊ द्या आणि पुन्हा भुरका मारा. पुन्हा तीच आग! रस्सा तर गार होता, मग हे तापलं काय?

काहीच तापलं नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिन नावाच्या रेणूने शरीराला चक्क गंडवलं. आपल्या तोंडातल्या आणि त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक प्रथिन पहाऱ्याला बसलेलं असतं. तापमान साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर गेलं की ते मेंदूला ओरडून सांगतं, भाजतंय! कॅप्सेसिन नेमकं याच प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तीच ओरड करायला लावतं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 साली हे प्रथिन शोधून काढलं आणि 2021 मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. वाफाळता चहा आणि गार ठेचा, या दोन्हींची वर्दी देणारा पहारेकरी एकच!

वर्दी मिळाली की शरीर स्वतःला निववायला निघतं. त्यासाठी आतलं गरम रक्त त्वचेपाशी आणायचं, म्हणजे उष्णता बाहेर निघून जाते. शेतात दारं धरताना आपण काय करतो? एका वाफ्याचं दार मोडायचं, दुसऱ्याचं मातीने बांधायचं, पाणी हवं तिकडे वळतं. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांची दारंही अशीच सारखी उघडत-मिटत असतात. आरामात बसलेल्या माणसाच्या सगळ्या त्वचेतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त वाहतं. पण अंग खूप तापलं की हाच आकडा सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त असतं जेमतेम पाच लिटर!

मग दंड-मांड्या सोडून चेहराच का लाल होतो? कारण गालाआडच्या रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं, त्या रुंद असतात आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळून जातात. शिवाय चेहऱ्याकडे येणाऱ्या काही मज्जातंतूंना एक आगळं काम दिलेलं आहे. बाकी अंगावर भीती-घबराटीचे मज्जातंतू त्वचेतल्या वाहिन्या आवळतात, म्हणून हात गार पडतात. गालावर मात्र तेच मज्जातंतू दारं उघडूही शकतात. म्हणून भर वर्गात चूक सापडली की तळहात थंडगार आणि चेहरा लालबुंद, असं दोन्ही एकाच क्षणी घडतं. काही मोजक्या माणसांमध्ये या मज्जातंतूंना एकाच बाजूला इजा झालेली असते. त्यांनी पळापळ केली की अर्धाच चेहरा लाल होतो, आणि सीमारेषा कपाळाच्या मधोमध, नाकावरून, हनुवटीपर्यंत आखल्यासारखी सरळ!

चार्ल्स डार्विन या लालीने इतका झपाटला होता की भावनांच्या आविष्कारावरच्या 1872 सालच्या ग्रंथात त्याने लाजण्याला एक संपूर्ण प्रकरण दिलं. सावळी, काळी माणसंही लाजून लाल होतात का? हेही विचारायला त्याने जगभर पत्रं धाडली, आणि त्यातली चौकशी थेट आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोचली. तिथे राहणाऱ्या एर्स्किन नावाच्या इंग्रजाने लोकांचे चेहरे निरखायचा प्रयत्न केला. पण त्याने कळवलं की ठाम काही सांगणं अवघड आहे, कारण ही माणसं गोऱ्यांसमोर आपल्या भावना झाकून ठेवतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या नगरकरांचा हा निग्रह डार्विनच्या पुस्तकात कायमचा नोंदला गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इथवर सगळं छान. दार उघडलं, रक्त आलं, दार मिटलं. पण काहींच्या चेहऱ्यावर ही दारं नीट मिटेनाशी होतात. सुरुवातीला ऊन, चहा, तिखट, मद्य, राग यांनी लाली येते आणि उशिरा जाते. मग ती नाक-गालांवर मुक्कामच करते. बारीक लाल रेषा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, त्वचा चुरचुरते. हा रोजेशिया. काही पुरुषांमध्ये पुढे नाक जाड आणि गाठाळ होतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गिर्लांदायो या इटालियन चित्रकाराचं 1490 च्या सुमाराचं एक चित्र आहे. त्यात एका आजोबांचं नाक असंच गाठाळ झालंय आणि नातू त्यांच्याकडे टक लावून, मायेने बघतोय.

रोजेशियात नेमकं बिघडतं काय? आपली त्वचा जंतूंना मारण्यासाठी कॅथेलिसिडिन नावाचं एक अस्त्र बाळगते. 2007 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की रोजेशियाच्या रुग्णांमध्ये हे अस्त्र गरजेपेक्षा जास्त बनतं आणि वेगळ्या तऱ्हेने तुकडे होऊन वावरतं. हे तुकडे दाह पेटवतात आणि नव्या रक्तवाहिन्यांना फुटवे आणतात. म्हणजे संरक्षणासाठी ठेवलेलं शस्त्रच घरात चालतंय!

त्यात भर घालतो एक भाडेकरू. डेमोडेक्स हा आठ पायांचा जीव, लांबी सुमारे 0.3 मिलिमीटर. केसांच्या मुळाशी डोकं खाली करून राहतो. बहुतेक प्रौढांच्या चेहऱ्यावर तो असतोच, तुमच्याही आणि माझ्याही, आणि एरवी कुणाला त्रास देत नाही. रोजेशियात त्याची गर्दी वाढलेली सापडते. त्यावर चालणारं औषध आलं कुठून, तर जपानमधल्या कावाना गावी एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून! सातोशी ओमुरा यांनी तिथे उचललेल्या मातीत एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून आयव्हरमेक्टिन बनलं. आफ्रिकेत नदीकाठच्या लोकांना आंधळं करणाऱ्या रोगावर ते चाललं, हत्तीरोगाच्या मोहिमांत वापरलं गेलं आणि 2015 मध्ये ओमुरा आणि या औषधावर काम केलेले विल्यम कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. त्याच औषधाचं 1 टक्क्याचं क्रीम 2014 पासून रोजेशियासाठी आहे. दाह शमवायलाही ते मदत करतं.

आता आपल्या रंगाकडे येऊ. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हा लालपणा झाकून टाकतं. दिसतो तो तपकिरी किंवा जांभळट छटा असलेला काळवंडलेपणा, म्हणून कित्येकांचा रोजेशिया वर्षानुवर्षं ‘मुरुमं’ किंवा ‘ॲलर्जी’ म्हणून खपून जातो. त्यामुळे आरशात लाली शोधत बसू नका, चेहरा काय सांगतो ते ऐका. उन्हातून आल्यावर गाल बराच वेळ गरम राहतात का? साधं क्रीमही झोंबतं का? डोळ्यांत खडा गेल्यासारखं टोचतं, रांजणवाडी वारंवार होते का? हो, हा आजार डोळ्यांतही शिरतो, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. नाक आणि दोन्ही गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखा लाल पट्टा उठला, सोबत सांधे दुखत असतील, ताप येत असेल, तर तो ल्युपस हा वेगळाच आजार असू शकतो. असा पट्टा बहुधा नाकपुडीपासून ओठाकडे उतरणारी घडी मोकळी सोडतो. त्वचारोगतज्ज्ञाचे डोळे आधी त्या घडीकडेच जातात.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे असंख्य चेहरे लाल झाले आहेत ते दुकानातून आणलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ मलमांनी. त्यांत बऱ्याचदा बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल अशी स्टिरॉइडं असतात. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं. ते इतकं खात्रीने आवळतं की 1962 पासून या मलमांची ताकदच त्वचा किती पांढरी पडते यावरून मोजली जाते. म्हणून पहिले काही आठवडे चेहरा उजळ, नितळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, दारं ढिली पडतात, आणि मलम थांबवलं की उसळून आग, लाली, पुटकुळ्या. माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती शेजारणीकडून, मैत्रिणीकडून हातोहात फिरतात. तुम्ही यात अडकला असाल तर लाजू नका, डॉक्टरांना ट्यूब दाखवा. यातून बाहेर काढायची रीत त्यांना माहीत असते, वेळ मात्र लागतो.

काळजी घ्यायची तर आधी घासणं थांबवा. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच पाचच्या आसपास. साबणाच्या वडीचा असतो नऊ-दहा. डाळीच्या पिठाने खसाखसा चोळणं, लिंबू, पार्लरची वाफ, कापूर किंवा मेंथॉलचं गारेगार क्रीम, हे सगळं झोंबणाऱ्या चेहऱ्याला नको. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि रोज सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडचं असेल तर ते सहसा कमी झोंबतं. चहा सोडायची गरज नाही, थोडा कोमट होऊ द्या. कशाने लाली येते ते वहीत लिहून ठेवा, कारण प्रत्येकाची यादी वेगळी.

डॉक्टरांच्या पोतडीत आणखी नवल आहे. काचबिंदूच्या थेंबांतलं ब्रिमोनिडिन जेल होऊन गालावर आलं, चोंदलेलं नाक मोकळं करणारं ऑक्सिमेटाझोलिन क्रीम होऊन आलं. दोन्ही काही तास दारं आवळून धरतात. ब्रिमोनिडिनचा असर ओसरल्यावर काहींना लाली आधीपेक्षा जास्त उसळते, म्हणून ते विचारूनच वापरायचं.

आणि कायमच्या उमटलेल्या लाल रेषांसाठी प्रकाश! 1983 साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या संशोधकांनी दाखवून दिलं की योग्य रंगाचा प्रकाश योग्य तितकाच क्षण टाकला तर त्वचेला धक्का न लागता आतलं नेमकं लक्ष्य जाळता येतं. 595 नॅनोमीटरचा पिवळा लेसर रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, वाहिनी तापून मिटते आणि शरीर ती हळूहळू साफ करतं. पण मेलॅनिनही हा प्रकाश पिऊ शकतं आणि सावळ्या चेहऱ्यावर डाग पडू शकतो. म्हणून अशा त्वचेसाठी पुष्कळदा 1064 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर निवडतात. तो मेलॅनिनला बराचसा चुकवून खोल जातो. तरीही आधी एखाद्या छोट्या, सहज न दिसणाऱ्या जागी चाचणी करून घ्या, काही आठवडे थांबा आणि मगच पूर्ण चेहऱ्याचं ठरवा.