पावसाळी रानाची सफर

जंगल बघायला जायचे ठरले की कुणीतरी विचारतोच, "काय हो, वाघ दिसेल का?" ताडोब्याला जाणार असाल तर दिसेलही. पण सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसाळी रानात जाणार असाल, तर वाघाचा विचार घरीच ठेवून निघावे हे बरे. या दोन रानांत मोठा फरक आहे. तो समजला नाही, तर पैसे खर्चून, उन्हातान्हातून जाऊन मंडळी परत येतात आणि म्हणतात, "काही नाही हो तिथे, नुसती झाडं!" असे म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिले.

ताडोब्याचे रान कोरडे. तिथे साग आणि बांबू फार. उन्हाळ्यात पाने गळतात, रान विरळ होते, लांबवरचे दिसू लागते. पाणीही थोड्याच ठिकाणी उरते, म्हणून जनावराला त्या पाण्यावर यावेच लागते. पावसाळी रानाचे तसे नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सगळे पाणी साचून राहिले असते, तर तेरा फूट उंच झाले असते! पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी आपण देवाला नारळ फोडतो. इतक्या पाण्यामुळे इथली पुष्कळ झाडे एकदम पानगळ करीत नाहीत. अंजन, जांभूळ, पिसा यांची गच्च दाटी. वर पानांचे छप्पर आणि खाली दिवसाही अंधूक उजेड. वीस पावलांवर गवा उभा असला तरी दिसायचा नाही.

म्हणून या रानात डोळ्यांच्या आधी कान लागतात. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. झाडावरचे वानर एकाएकी खाकरू लागले, तर खाली बिबट्या फिरत असेल असे समजावे. उंच फांदीवरून खडखड असा आवाज आला, तर वर मान करा. तो शेकरू असेल. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, लांब झुबकेदार शेपटीची मोठी खार. ही आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ती काटक्या-पानांची गोल घरटी बांधते आणि एकाच खारीची अशी तीन-चार घरटी असतात. फांदीवरून फांदीवर उडी मारते, जमिनीवर फारशी उतरत नाही. सलग झाडी तुटली की तिची वाटच तुटते.

आणि धनेश! त्याला काही ठिकाणी ककणेर म्हणतात. चोच मोठी, बाकदार. याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी जुन्या झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. आत अंडी घालते, पिसे गाळते. आठवडेच्या आठवडे नर बाहेरून उंबराची, वडाची फळे आणून त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवतो. नराला कुणी मारले, तर आतले सगळे कुटुंब उपाशी मरायची वेळ येते. ढोली नव्या, कोवळ्या झाडाला नसते. त्याला जुनेच झाड लागते. म्हणून 'वठलेलेच तर आहे' म्हणून तोडलेले झाड धनेशाचे घर असू शकते.

आता दाजीपूरला जायचे कसे, ते सांगतो. कोल्हापूरहून राधानगरीवरून फोंडा घाटाकडे जो रस्ता जातो, त्यावर घाटाच्या अलीकडे दाजीपूर आहे. कोल्हापुराहून अंतर सुमारे ८० किलोमीटर. पूर्वी हे कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ साली येथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. पुढे १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केले. आज ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे आहे. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत सह्याद्रीतल्या ज्या जागा घेतल्या, त्यांत हेही आहे.

पावसाळ्यात अभयारण्य पाहुण्यांना बंद असते. वाटा वाहून जातात, धुक्यात माणूस चुकतो, शिवाय जनावरांनाही निवांतपणा हवा. दिवाळी झाली की बेत करावा. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा थंड आणि चालायला सोपी. मार्चनंतर घाम निघतो, पण धनेशाची धांदल तेव्हाच असते. निघण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत फोन करून चार गोष्टी विचारा: रान उघडले आहे का, सुट्टीचा वार कोणता, शुल्क किती, आणि आत आपली गाडी चालते की तिथली जीप घ्यावी लागते. हे न विचारता पन्नास माणसांची बस घेऊन जाणारे पुढारी असतात. ती बस फाटकावरून परत येते.

आमचे मत विचाराल तर आठ-दहा जणांपेक्षा जास्त जाऊ नये. आणि आदल्या रात्री जवळपास मुक्काम करावा. सबंध बेतात ही एक गोष्ट सोडू नका. सकाळी कोल्हापुरातून निघून दहा वाजता रानात शिरलात, तर गवे केव्हाच झाडीत रवंथ करीत बसलेले असतात. पहाटे आणि सांजेला ते सड्यावर चरायला येतात. सडा म्हणजे माथ्यावरचे जांभ्या दगडाचे उघडे पठार. दाट रानातले जनावर दिसण्याची हीच जागा. वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा, मागाहून घासाघीस नको. कुठल्या सड्यावर काल खुरांचे ठसे होते, हे त्यालाच ठाऊक असते.

गवा दिसला, तर काय? आमच्या वाचकांत असेही असतील की ज्यांच्या उसात, भातात गवा शिरतो. त्यांना कसले आले आहे कौतुक! तरीही तो पाहण्यासारखा असतो. काळाभोर रंग, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, मोठा नर हजार किलोच्या घरातला. इंग्रज शिकारी त्याला बायसन म्हणत, पण बायसन निराळा, तो अमेरिकेत आणि युरोपात असतो. गव्याचे नाक फार तिखट. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर तो आधीच निघून जातो. अत्तर लावू नका, विडी ओढू नका, बोलू नका. कळप सोडून एकट्या फिरणाऱ्या नराच्या आणि वासरू असलेल्या गायीच्या जवळ मुळीच जाऊ नये. त्याने मान खाली घालून फुस्कारा टाकला, तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे. मोबाईलवर फोटो काढायला पुढे सरकणारा एक तरी शहाणा प्रत्येक टोळीत असतोच. त्याला वाटाड्याच्या शेजारी बांधून ठेवावे! गर्दीने जनावराचेही हाल होतात. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला एक गवा शिरला. माणसे मागे लागली, तो सैरावैरा पळाला, आणि पकडल्यावर थोड्या वेळात मेला.

बरोबर काय घ्यावे? पिण्याचे पाणी, भाकरी-पिठले, विजेरी, पायात घट्ट बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा सदरा. भडक लाल-पांढरे नको. पाऊस संपतानाच्या दिवसांत ओल्या पाल्यात जळवा असतात. ओढून काढण्यापेक्षा मीठ टाकले की सुटतात. साप चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणसाला चालू न देता उचलून सरकारी दवाखान्यात न्या. फोनला पुष्कळ ठिकाणी रेंज नसते, म्हणून कुठे जातो आणि केव्हा परततो ते खाली सांगून जावे.

गोचिडीचे मात्र नीट वाचा. जळूचे भय वाटते, पण ती फारसे नुकसान करीत नाही. गोचीड दिसतही नाही आणि कधीकधी माकडताप देऊन जाते. हा ताप १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात प्रथम कळला. २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातही त्याचे रोगी निघाले. थंडी ते उन्हाळा हाच त्याचा काळ, म्हणजे आपल्या सफरीचाही तोच. रानात मेलेले माकड दिसले तर शिवू नका, जवळही बसू नका, वनखात्याला कळवा. पाल्यात अंग टाकू नका. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात घाला, साबणाने अंघोळ करा, काखा, जांघा, कानामागे बघा. पुढच्या आठ-दहा दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर घरगुती काढा पीत बसू नका. डॉक्टरकडे जा, आणि "मी अमुक दिवशी रानात गेलो होतो" हे आपण होऊन सांगा. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.