इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक, दोन्ही गिटारसाठी एकच पेडलबोर्ड कसा आखायचा?

१८ नोव्हेंबर १९९३. न्यूयॉर्कच्या सोनी म्युझिक स्टुडिओत ‘निर्वाणा’ या बँडचा एमटीव्ही अनप्लग्ड कार्यक्रम रेकॉर्ड होत होता. अनप्लग्ड म्हणजे विजेच्या वाद्यांना सुट्टी, सगळं अकूस्टिक. पण कर्ट कोबेनच्या मार्टिन डी-१८ई गिटारला केबल होती. ती केबल इफेक्ट पेडलमधून जात होती आणि पुढे होता फेंडर कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून तो स्टेज मॉनिटरसारख्या दिसणाऱ्या खोक्यामागे लपवला होता. डेव्हिड बोवीच्या ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ या गाण्यात गिटारचा जो खरखरीत सोलो ऐकू येतो, तो याच जोडणीतून आलेला आहे.

हे पाहून अनेकांना वाटतं, अकूस्टिक गिटार इलेक्ट्रिकच्याच पेडलमध्ये खोचली की काम झालं. प्रत्यक्षात तसं केलं तर बहुतेक वेळा आवाज पत्र्यासारखा येतो, शिट्टी वाजते आणि कार्यक्रमात साउंडवाल्याकडे हताशपणे पाहायची वेळ येते. मग कोबेनचं कसं जमलं? या प्रश्नाच्या उत्तरातच पेडलबोर्डचं निम्मं नियोजन आहे.

दोन गिटारमध्ये नेमका फरक काय?

इलेक्ट्रिक गिटारमध्ये मॅग्नेटिक पिकअप असतो, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर स्टीलची तार थरथरली की खालच्या गुंडाळीत वीज तयार होते.

आजच्या बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये मात्र ब्रिजवरच्या सॅडलखाली पिझो पिकअप असतो. दाब पडला की वीज तयार करणारे स्फटिक त्यात वापरतात. हा गुणधर्म जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला होता.

पिझोचा सिग्नल नाजूक असतो. त्याच्या पुढे जे उपकरण येतं, त्याने सिग्नलवर कमीत कमी भार टाकावा लागतो. हा भार इनपुट इम्पीडन्सवरून कळतो. इम्पीडन्स जितका जास्त, तितका भार कमी. इलेक्ट्रिक गिटारच्या पेडलला साधारण १ मेगाओहम पुरतो. पिझो थेट जोडायचा असेल, तर त्याहून बरंच जास्त, काही वेळा १० मेगाओहमपर्यंत लागतं. ते मिळालं नाही की खर्ज गळतो आणि आवाज किरकिरा होतो.

ज्या गिटारमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प आधीच बसवलेला असतो, तिथे ही अडचण येत नाही. म्हणून बोर्ड आखण्याआधी आपल्या गिटारमध्ये बॅटरीचा कप्पा आहे का, हे पाहणं ही पहिली पायरी.

कोबेनच्या गिटारमध्ये पिझो नव्हता. साउंडहोलवर मॅग्नेटिक पिकअप लावलेला होता. त्यामुळे पेडल आणि अ‍ॅम्पच्या दृष्टीने ती जवळजवळ इलेक्ट्रिक गिटारच होती.

आवाज शेवटी कुठे जातो?

दुसरा फरक बोर्डच्या दुसऱ्या टोकाला आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर साधारण ५ ते ६ किलोहर्ट्झच्या वरचे सूर फारसे देत नाही. हा दोष नाही, उलट सोय आहे. डिस्टॉर्शनचा कर्कशपणा तिथेच गाळला जातो. डिस्टॉर्शन पेडल थेट हॉलच्या पीए सिस्टिमला जोडलं तर माश्या घोंगावल्यासारखा आवाज येतो, तो याच कारणाने.

अकूस्टिकला नेमके ते वरचे सूर हवे असतात. म्हणून ती डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला देतात. डीआय बॉक्स सिग्नल बॅलन्स्ड करतो, त्यामुळे लांब केबलमध्येही बाहेरचा गोंगाट कमी शिरतो.

कोणतं पेडल कोणासाठी?

काही पेडल दोघींनाही चालतात: ट्यूनर, डिले, रिव्हर्ब आणि बेताने वापरलेला कोरस.

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ आणि वाह ही इलेक्ट्रिकची मंडळी. अकूस्टिकला वेगळा प्रीअ‍ॅम्प आणि डीआय हवा. बाजारात दोन्ही एकाच पेडलमध्ये मिळतात. त्यात फेज बदलायचं बटण आणि नॉच फिल्टर असेल तर उत्तम. अकूस्टिकचं पोकळ अंग स्पीकरचा आवाज पकडून स्वतःच घुमू लागतं, त्यालाच फीडबॅक म्हणतात. नॉच फिल्टर फक्त घुमणारा तेवढा सूर कापतो. साउंडहोलवर बसवायचं रबरी झाकण हा आणखी स्वस्त उपाय.

कॉम्प्रेसर मात्र जपून वापरावा. तो हळू आवाज वर उचलतो, म्हणजे अकूस्टिकवर फीडबॅकलाही आमंत्रण देतो.

जोडणी कशी करायची?

सोपे मार्ग तीन आहेत.

१. पूर्ण वेगळ्या वाटा. इलेक्ट्रिक आपल्या पेडलमधून अ‍ॅम्पकडे, अकूस्टिक आपल्या प्रीअ‍ॅम्प-डीआयमधून मिक्सरकडे. बोर्ड एक, वाटा दोन. पेडल जास्त लागतात, पण गोंधळ सगळ्यात कमी.

२. मध्येच एकत्र येणारी वाट. इलेक्ट्रिक आधी ड्राइव्ह पेडलमधून आणि मग अ‍ॅम्प व स्पीकरची नक्कल करणाऱ्या कॅब सिम्युलेटरमधून जाते. अकूस्टिक तिच्या प्रीअ‍ॅम्पमधून येते. दोन्ही एका ए-बी स्विचवर भेटतात. त्यापुढे ट्यूनर, डिले, रिव्हर्ब आणि शेवटी डीआय. एक स्विच दाबला की गिटार बदलते. ट्यूनर म्यूटवर ठेवला की केबल काढता-घालताना ‘फट्ट’ असा आवाजही येत नाही. दोन्ही गिटार मिक्सरकडेच जात असल्याने स्टेजवर अ‍ॅम्प न्यावा लागत नाही.

३. मल्टी-इफेक्ट. एकाच यंत्रात दोन प्रीसेट करायचे. इलेक्ट्रिकच्या प्रीसेटमध्ये अ‍ॅम्प आणि कॅब चालू, अकूस्टिकच्या प्रीसेटमध्ये दोन्ही बंद. ट्रेनने-बसने फिरणाऱ्यांना हा मार्ग हलका पडतो. पिझो बॅटरीशिवाय असेल तर त्याच्या आधी प्रीअ‍ॅम्प तरीही लागेल.

तिन्हीत एक काळजी समान आहे. दोन्ही गिटारचा आवाज सारख्या पातळीवर आणून ठेवायचा. हे काम घरी करायचं, कार्यक्रमात नाही.

विजेचं गणित

बोर्डवर सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो, पिनचा मधला भाग निगेटिव्ह. पण सगळ्यांनाच नाही. काही जुन्या धाटणीच्या फझ पेडलची जोडणी उलटी असते. चुकीचा व्होल्टेज किंवा उलटी पिन दिली तर पेडल कायमचं जळू शकतं. त्यामुळे प्रत्येक पेडलवरचं लेबल वाचूनच प्लग लावायचा.

दुसरा आकडा मिलिअँपिअरचा. साधं ओव्हरड्राइव्ह २० मिलिअँपिअरच्या आत भागवतं. डिजिटल रिव्हर्बला १०० ते ३०० लागू शकतात. पुरवठा गरजेपेक्षा जास्त असला तर बिघडत नाही, पेडल हवा तेवढाच घेतं. कमी पडला तर मात्र पेडल चालूच होत नाही किंवा विचित्र वागतं.

एकाच अडॅप्टरवरून साखळीसारखी सगळी पेडल चालवली की डिजिटल पेडलची किणकिण बाकीच्यांत शिरते. अकूस्टिकच्या स्वच्छ आवाजात ती जास्तच जाणवते. प्रत्येक पेडलला स्वतंत्र आउटपुट देणारा आयसोलेटेड पॉवर सप्लाय महाग वाटतो, पण नवीन पेडलच्या आधी पैसे तिथेच घालावेत.

आधी कागद, मग खरेदी

बॉस कंपनीचं नेहमीचं छोटं पेडल ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ मिलिमीटर लांब असतं. बाजूच्या जॅकसाठी अडीच-तीन सेंटिमीटर सोडले की ६० सेंटिमीटरच्या बोर्डवर एका ओळीत सहाच्या आसपास पेडल बसतात. पुठ्ठ्याचे तुकडे त्या मापाने कापून जमिनीवर मांडले, तर खर्च करण्याआधीच चित्र स्पष्ट होतं. गाणं चालू असताना दाबायची पेडल पुढच्या ओळीत, एकदा लावून विसरायची मागे.

खरेदीचा क्रमही ठरवता येतो. आधी ट्यूनर आणि अकूस्टिकचा प्रीअ‍ॅम्प-डीआय, मग पॉवर सप्लाय, त्यानंतर एक ओव्हरड्राइव्ह आणि एक डिले. बाकी सगळं हौस वाढेल तसं.

कोबेनची ती मार्टिन २०२० मध्ये लिलावात ६० लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. तिच्यासोबतची पेडल मात्र मोजकीच होती. कोणता पिकअप, मध्ये काय आणि शेवटी कोणता स्पीकर, ही तीन उत्तरं माहीत असली की मोजक्या पेडलवरही दोन्ही गिटारचं काम भागतं.