चार मेजांची खाणावळ

अमेरिकेच्या राजधानीच्या वॉशिंग्टन शहरांत माउंट प्लेझंट नांवाची वस्ती आहे. तेथें, आणि दूर पश्चिमेस लॉस एंजेलीसच्या वेस्टलेक भागांत, रस्त्याच्या कडेस कांहीं अगदीं लहान खाणावळी आढळतात. चार-सहा मेजें, भिंतीवर पदार्थांची आटोपशीर यादी आणि गल्ल्याच्या मागें एक रुंद, तापलेला तवा, एवढाच काय तो सरंजाम. आंतून टाळ्यांसारखा ठेक्याचा आवाज येत असतो. पिठाचा उंडा दोन्ही तळहातांवर थापतांना होणारा हा आवाज. अशा खाणावळीस ‘पुपुसेरिया’ म्हणतात, आणि तेथील मुख्य पदार्थास ‘पुपुसा’. हा पदार्थ मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोर देशाचा. त्याची गोडी कशांत आहे, आणि तो आपल्या देशापासून इतक्या दूर कां येऊन राहिला, हे दोन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत. कारण पहिल्याचें उत्तर दुसऱ्यावांचून पुरें होत नाहीं.

एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेंतील सर्वांत लहान देश. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पंधराव्या हिश्श्याइतकें. त्यास समुद्रकिनारा आहे तो एकट्या पॅसिफिक महासागराचा. ज्वालामुखींची रांग त्या भूमींतून गेलेली असल्यामुळें तेथें कॉफी उत्तम पिकते आणि भूकंपहि वारंवार होतात. सामान्य माणसाचें तेथील रोजचें अन्न म्हणजे मका आणि घेवडा.

पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची, आंत सारण भरलेली जाड भाकरी. मराठी गृहिणीस तिची कृति सांगावयास फार शब्द लागणार नाहींत. पुरणपोळीसाठीं उंड्याची वाटी करून तींत पुरण भरतात व तोंड मिटवितात, तसेंच येथें करतात. लाटण्याचें काम मात्र नाहीं. भाकरीप्रमाणें हातावर थापून ती तव्यावर टाकतात. सारणाचे प्रकार मोजके. ‘केसिय्यो’ नांवाचें मऊ, वितळल्यावर तार धरणारें चीज. शिजवून परतलेलें तांबड्या घेवड्याचें वाटण. डुकराचें मांस शिजवून बारीक वाटून केलेला ‘चिचारोन’. आणि चीजमध्यें घालण्यासाठीं ‘लोरोको’ नांवाच्या वेलीच्या हिरव्या कळ्या. मांस, घेवडा व चीज एकत्र केलें कीं तिला ‘रेवुएल्ता’ म्हणतात. ओलोकुइल्ता नांवाच्या गांवाची तांदळाच्या पिठाची पुपुसा प्रसिद्ध आहे.

मक्याची भाकरी करूं पाहणारास एक अनुभव नेहमीं येतो. पीठ जुळून येत नाहीं. थापतांना कडा फुटतात. असें असतां पुपुसा सारण पोटांत घेऊनहि फुटत नाहीं, याचें कारण चुना. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यांत उकळून कांहीं तास तसेच मुरूं देतात. चुन्यामुळें दाण्याचें जाड साल सुटतें. तें धुऊन टाकल्यावर ओले दाणेच वाटून घेतले म्हणजे पिठास चांगला चिकटपणा येतो. परदेशांतील पुष्कळ खाणावळी आतां असें संस्कार केलेलें कोरडें पीठ बाजारांतून आणतात. परंतु मूळ क्रिया तीच.

या चुन्याचा आणखी एक मोठा गुण आहे. मक्यांतील नायसिन नांवाचें जीवनसत्त्व अशा रीतीनें बांधलेलें असतें कीं, नुसता मका खाणाराच्या अंगीं तें फारसें लागत नाहीं. चुन्याच्या संस्कारानें तें मोकळें होतें. स्पेनच्या लोकांबरोबर मका युरोपांत गेला, पण ही क्रिया गेली नाहीं. त्याचा परिणाम असा झाला कीं, उत्तर इटलींतील मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत, आणि पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, ‘पेलाग्रा’ नांवाचा भयंकर रोग पसरला. कातडी सोलणें, अतिसार, बुद्धिभ्रंश आणि शेवटीं मृत्यु, असा त्याचा क्रम. हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ नंतरच्या संशोधनांत दाखवून दिलें, आणि १९३७ सालीं एल्व्हेम यांनीं नेमकें उणें असलेलें द्रव्य ओळखलें. मध्य अमेरिकेंतील स्त्रिया मात्र शतकानुशतकें तो उपाय आपल्या चुलीवर करीत आल्या होत्या.

त्या चुली किती जुन्या याचा पुरावाहि उपलब्ध आहे. इसवी सन ६०० च्या सुमारास एल साल्वादोरमधील एक शेतकऱ्यांचें खेडें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. १९७६ सालीं धान्याचीं कोठारें बांधण्यासाठीं जमीन सपाट करतांना तें अकस्मात् सांपडलें. होया दे सेरेन असें त्याचें नांव असून १९९३ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. तेथील घरांत मका, घेवडा, मडकीं आणि आपल्या पाट्या-वरवंट्यासारखे वाटण्याचे दगड मिळाले. रहिवाशांचे सांगाडे मात्र मिळाले नाहींत. भांडीं जागच्या जागीं टाकून ते पळून गेले असावेत, असें संशोधक मानतात. पुपुसेंतील मका व घेवडा हें अन्न असें प्राचीन आहे. डुक्कर आणि दूधदुभतें हीं नंतर स्पॅनिश लोकांबरोबर आलीं.

आतां ती खावी कशी तें पाहूं. पुपुसा मागणी आल्यावरच थापली जाते, म्हणून थोडा वेळ थांबावें लागतें. घाई असेल त्यानें दुसरीकडे जावें. तिच्याबरोबर ‘कुर्तिदो’ नांवाचें आंबटसर तोंडीलावणें येतें. बारीक चिरलेला कोबी, गाजर व कांदा यांत शिरका आणि ओव्याच्या वासाची आठवण देणारी ओरेगानोची पानें घालून तें मुरवितात. पुपुसेवर हें कुर्तिदो व टोमॅटोचें पातळ सार घालावें आणि हातानेंच घांस मोडावा. कांटा-चमचा बाजूस ठेवणें हीच तेथील रीत. चीजचा स्निग्धपणा व कोबीचा आंबटपणा एका घांसांत मिळाला म्हणजे दोहोंचें प्रयोजन कळतें. पेयांत चिंचेचें सरबत असतें, आणि ‘ओर्चाता’हि असते. मोरो नांवाच्या झाडाच्या बिया भाजून, त्यांत तीळ, कोको व दालचिनी वाटून ती करतात. तळलेली ‘युका’ मिळते. आपल्या उपासाचा साबुदाणा ज्या कंदाच्या सत्त्वापासून होतो तोच हा कंद. अमेरिकेंत राहणाऱ्या शाकाहारी मराठी कुटुंबांनीं घेवड्याचें वाटण डुकराच्या चरबींत परतलेलें नाहीं ना, एवढें आधीं विचारून घ्यावें.

हा तवा वॉशिंग्टनपर्यंत आला तो यादवी युद्धामुळें. एल साल्वादोरमध्यें जमीन व सत्ता थोड्या कुटुंबांच्या हातीं होती. १९८० च्या मार्चमध्यें गरिबांची बाजू घेणारे आर्चबिशप ऑस्कार रोमेरो यांचा प्रार्थना चालू असतांच खून झाला, आणि त्यानंतर पेटलेलें युद्ध १९९२ च्या जानेवारींतील तहापर्यंत चाललें. सुमारें ७५,००० माणसें त्यांत मेलीं. लाखों लोक उत्तरेस पळाले. आधीं आलेल्या नातलगांच्या आधारानें पुढचे आले. पूर्वेकडील इंतिपुका या एका गांवचेच कितीतरी लोक वॉशिंग्टनमध्यें स्थायिक झाले. आज साल्वादोरची लोकसंख्या साठ लक्षांच्या आसपास, आणि अमेरिकेंत साल्वादोरी वंशाचे लोक वीस लक्षांहून अधिक आहेत. इंग्रजी येत नाहीं, पदवी नाहीं, भांडवल नाहीं, अशा स्थितींत पुष्कळ स्त्रियांस जें येत होतें तेंच उपयोगी पडलें, आणि तें म्हणजे हातावर थापणें. प्रथम घरीं करून विकणें, मग गाडी, मग चार मेजांची जागा, असा पुष्कळांचा प्रवास. त्यांतून उरलेला पैसा दरमहा गांवीं जातो. परदेशांतून येणाऱ्या अशा पैशावर त्या देशाचा मोठा भार आहे.

तरीहि या खाणावळींचा पाया भक्कम नाहीं. २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारींतील भूकंपांनंतर अमेरिकेनें तेथें असलेल्या साल्वादोरी लोकांस राहण्याची तात्पुरती मुभा दिली, आणि सुमारें दोन लक्ष लोक तिच्या आधारानें राहूं लागले. २०१८ सालीं ती काढून घेण्याचा निर्णय जाहीर झाला. खटले झाले, मुदती वाढत गेल्या; पण वाढवून मिळालेल्या मुदतीवर कोणी निश्चिंत झोंपत नाहीं. दुसरीकडे, ज्या वस्त्या एके काळीं स्वस्त म्हणून या लोकांनीं धरल्या त्यांचीं भाडीं चढत गेलीं. मुलें शिकून दुसऱ्या व्यवसायांत जातात, आणि आईबापांची इच्छाहि तीच असते. म्हणून तव्यामागें उभ्या असलेल्या बाईच्या पश्चात् तेथें कोण उभें राहील, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणीं अनुत्तरित असतो.

२००५ सालीं साल्वादोरच्या विधिमंडळानें पुपुसेस राष्ट्रीय पदार्थ ठरवून नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिचा दिवस म्हणून नेमला. या मानास ती पात्र आहेच. परंतु परमुलखांतील पुपुसेरियास त्याहून अधिक उपयोग होतो तो नेमानें येणाऱ्या शेजाऱ्याचा. तो येतो, मागणी सांगतो, थापण्याचा आवाज ऐकत बसतो, गरम पुपुसा हातानें मोडून खातो आणि पुढच्या आठवड्यांत पुन्हा येतो. त्या बाईच्या खोलीचें भाडें अशाच गिऱ्हाइकांच्या पैशांतून भागतें, आणि तव्याखालचा जाळ चालू राहतो.