लॅपटॉपची डिस्क आणि एक घातक ‘येस’

खाप्यासारख्या लहान गावात लॅपटॉपच्या डिस्कमधली माहिती अडकली की नागपूर गाठावं लागतं. खर्च होतो तो होतोच, पण कित्येकदा लग्नाचे फोटो किंवा दुकानाचा हिशेब कायमचा हातचा जातो. म्हणून डिस्कच्या मांडणीबद्दलचे काही समज इथे तपासून पाहू.

गैरसमज: डेस्कटॉपवर चालते ती डिस्कची प्रत्येक मांडणी लॅपटॉपवरही चालते.

तसं नाही. विंडोज २००० मध्ये ‘डायनॅमिक डिस्क’ ही मांडणी आली, तेव्हाच मायक्रोसॉफ्टने ती लॅपटॉपसाठी नसल्याचं सांगितलं होतं. एक्सपीतही तेच धोरण राहिलं. या मांडणीचा खरा उपयोग दोन-तीन डिस्क एकत्र जोडण्यात आहे, आणि त्या काळच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एकच डिस्क असे. शिवाय कोणता भाग कुठे आहे याची नोंद प्रत्येक डायनॅमिक डिस्कवर ठेवलेली असते. ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर विंडोज तिला ‘फॉरेन’ म्हणजे परकी समजतं.

गैरसमज: विंडोजने स्वतःच विचारलंय, मग ‘येस’ दाबायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान याच समजामुळे होतं. विंडोज ७ च्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एमबीआर पद्धतीची डिस्क असते आणि तिच्यात प्रायमरी पार्टिशन चारच बसतात. रिकव्हरी, सिस्टिम, कंपनीची साधनं आणि सी ड्राइव्ह मिळून अनेकदा ती कारखान्यातच भरलेली असतात. आपण सी थोडा लहान करून डी ड्राइव्ह बनवायला जातो. विंडोज विचारतं, डिस्क डायनॅमिक करू का? ‘येस’ म्हटलं की डी तयार होतो आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. पुढे त्याच डिस्कवर लिनक्स टाकायला गेलं की अडतं. मागे फिरायचं तर विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीत डिस्कवरचे सगळे भाग पुसावे लागतात, विंडोजसकट.

असे लॅपटॉप अजूनही जुन्या बाजारात विकले जातात. घेतलात तर डिस्क मॅनेजमेंट उघडून आधी प्रायमरी भाग मोजा. चारही भरलेले असतील तर ‘नो’ म्हणा आणि सी मध्येच फोल्डर करून काम चालवा. नव्या जीपीटी डिस्कवर विंडोज १२८ पार्टिशन करू देतं, तिथे हा प्रश्नच येत नाही. मायक्रोसॉफ्टनेही आता डायनॅमिक डिस्क जवळपास मोडीत काढली आहे.

गैरसमज: लॅपटॉपवर रेड शक्यच नाही.

दोन एसएसडी बसणाऱ्या काही लॅपटॉपवर रेड, म्हणजे एकाहून जास्त डिस्क एकत्र जोडणं, करता येतं. उलट इंटेल प्रोसेसरच्या कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये एकच एसएसडी असूनही बायोसमध्ये रेड किंवा व्हीएमडी ही इंटेलची सेटिंग आधीच चालू असते. मग विंडोज नव्याने टाकताना डिस्क दिसतच नाही आणि ती गेली असं समजून लोक नवी विकत घेतात. आधी पेनड्राइव्हवरून इंटेलचा ड्रायव्हर द्या, बहुतेक वेळा डिस्क लगेच दिसते.

गैरसमज: मिररिंग केलं, म्हणजे तीच माहिती दोन डिस्कवर ठेवली, की बॅकअपची गरज नाही.

चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. लॅपटॉप चोरीला गेला तर दोन्ही डिस्क सोबतच जातात. एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा आणि ती डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.