खाऱ्या दाण्यांचे मीठ कुठून येते? मसाला शेंगदाणे, काजू, बदाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेंगदाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते आणि पाणी जेमतेम सहा-सात टक्के. काजूत तेल साधारण ४४ टक्के, बदामात ५० टक्क्यांच्या आसपास. बटाट्यात याउलट ८० टक्क्यांच्या घरात पाणी असते. घरी मसाला दाणे करताना मीठ कढईच्या तळाशी बसते, तिखट कडू होते, चार दिवसांत दाणे सादळतात आणि महिनाभरात त्यांना वास येऊ लागतो. यातल्या बहुतेक तक्रारींचे कारण एकच. तेलाने भरलेल्या, पाणी जवळपास नसलेल्या दाण्याला भाजीसारखे वागवले जाते.

सर्वांत जुना गैरसमज खाऱ्या दाण्यांबद्दल आहे. भडभुंज्याच्या भट्टीवर मोठ्या कढईत तापलेल्या मिठात किंवा वाळूत दाणे परतले जात असतात. ते पाहणाऱ्याला वाटते की त्या मिठातूनच दाणे खारट होतात. कोरडे मीठ दाण्यात शिरत नाही. मीठ विरघळायला पाणी लागते; भाजलेल्या दाण्यात पाणी दोन टक्क्यांच्या आसपास उरते आणि तेलात मीठ विरघळत नाही. कढईतले मीठ वितळून आत मुरते म्हणावे, तर मीठ वितळते ८०१ अंश सेल्सिअसला. चुलीवरची कढई तिथवर जात नाही. भट्टीतल्या मिठाचे काम वाळूचेच आहे. दाण्याला सगळीकडून सारखी उष्णता देणे, म्हणजे एक बाजू करपून दुसरी कच्ची राहत नाही. खारटपणा त्याआधीच आलेला असतो. दाणे मीठ-हळदीच्या पाण्यात भिजवून, निथळून, वाळवून मग भट्टीत पडतात. पाणी उडून जाते, मीठ सालीवर आणि सालीखाली राहते. भाजलेल्या खाऱ्या दाण्याच्या सालीवर दिसणारा पांढुरका थर तोच.

घरी हीच रीत जमते. पाव किलो दाण्यांसाठी वाटीभर गरम पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ आणि चिमूटभर हळद विरघळवून त्यात दाणे दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत, चाळणीत निथळावेत आणि सुती कापडावर निदान दोन-तीन तास पसरावेत. ओले दाणे तसेच कढईत गेले तर आधी वाफवले जातात आणि मग चिवट होतात. जाड बुडाच्या किंवा लोखंडी कढईत दोन वाट्या जाडे मीठ चांगले तापवून त्यात दाणे परतायचे आणि झाऱ्याने चाळून काढायचे. कढईतले मीठ काळपट पडते. ते स्वयंपाकात वापरू नये, पण पुढच्या भाजणीसाठी डब्यात भरून ठेवता येते. इतका खटाटोप नको असेल तर भाजून झालेल्या गरम दाण्यांवर दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवलेले अर्धा चमचा मीठ शिंपडून आच चालू ठेवावी. पाणी चुर्र होऊन उडते आणि मिठाचा पातळ थर दाण्यावर बसतो. कोरडेच मीठ लावायचे असेल तर ते मिक्सरमधून पिठीसारखे बारीक केलेले असावे. खडे मोठे असले की घरंगळतात, हा साधा भौतिक नियम आहे.

आचेबद्दलचा गैरसमज दुहेरी आहे. मोठ्या आचेवर दाणे लवकर भाजले जातात, हे एक. आणि कढईत कुरकुरीत लागले की झाले, हे दुसरे. भाजण्याचा खमंग वास येतो तो दाण्यातली प्रथिने आणि साखर यांच्यातल्या रासायनिक क्रियेमुळे. साधारण १४० अंशांपुढे ती वेग घेते, पण त्यासाठी दाण्याचा गाभा आधी कोरडा व्हावा लागतो. मोठ्या आचेवर साल काळी होते तेव्हा आत अजून कच्चट चव असते. मंद ते मध्यम आचेवर पाव किलो दाण्यांना दहा-बारा मिनिटे, तीही हात न थांबवता, लागतातच. ओव्हनमध्ये १६० अंशांवर शेंगदाण्यांना वीसेक मिनिटे, बदामांना बारा-पंधरा आणि काजूंना दहा-बारा मिनिटे पुरतात. तिन्ही एकत्र भाजण्याचा हट्ट मात्र करू नये. काजू करपतो तेव्हा शेंगदाणा कच्चा असतो.

दुसऱ्या समजुतीने जास्त दाणे वाया जातात. गरम दाणा मऊच असतो. त्यातले तेल पातळ असते, थोडी वाफही आत असते. कुरकुरीतपणा येतो तो थंड झाल्यावर. शिवाय कढईतून उतरल्यावरही दाणा स्वतःच्या उष्णतेने मिनिट-दोन मिनिटे भाजला जात राहतो. अपेक्षित रंगाच्या एक छटा आधीच ते उतरवून ताटात पसरायला हवेत. तापलेल्या लोखंडी कढईत नुसता गॅस बंद करून ठेवलेले दाणे हमखास करपतात. रंग सालीवरून ओळखता येत नसेल तर एक दाणा फोडावा; पाकळी आतून फिकट बदामी झाली असली की पुरे.

मसाला आधीपासून घातला की आत मुरतो, हा गैरसमज बहुधा लोणच्यावरून आला असावा. लोणच्याच्या फोडीत पाणी असते, दाण्यात नाही. मसाला दाण्यात मुरत नाही, फक्त वर चिकटतो. लाल तिखट तर सुक्या मिरचीचे बारीक पीठच. तापल्या कढईत ते काही सेकंदांत काळवंडते, ठसका उठतो आणि चव कडू होते. साखरेचेही तसेच. म्हणून क्रम महत्त्वाचा. चमचाभर तेल गरम करून त्यात हिंग-हळद घालावी, भाजलेले दाणे त्यात घोळवावेत, गॅस बंद करावा, मिनिटभराने तिखट, जिरेपूड, काळे मीठ आणि शेवटी आमचूर घालावे. मिरचीचा झणका आणि हळदीचा रंग देणारी द्रव्ये तेलात विरघळतात, पाण्यात जवळपास नाही. त्यामुळे पाव किलोला एवढे चमचाभर तेल मसाला सारखा पसरवते. तेल टाळून नुसता कोरडा मसाला भुरभुरला की तो बरणीच्या तळाशी सापडतो.

आमचुराच्या जागी लिंबू पिळण्याचा मोह होतो. लिंबाच्या रसात नव्वद टक्के पाणी असते आणि दाणे तासाभरात मऊ पडतात. कांदा-टोमॅटो-लिंबू घातलेले मसाला शेंगदाणे ताबडतोब खायचे असतात. तो वेगळा पदार्थ आहे. लसूण आणि कढीपत्ता हवा असेल तर ते आधी स्वतंत्र तळून पूर्ण कोरडे, चुरचुरीत करून घ्यावे लागतात.

काळे मीठ किंवा सैंधव वापरले की मिठाचा दोष टळतो, असेही समजले जाते. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. काळ्या मिठाचा वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो, त्याने सोडियम कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरसुद्धा नाही. घरच्या दाण्यांचा खरा फायदा इथे आहे. १०० ग्रॅम दाण्यांना एक ग्रॅम मीठ पुरते, फक्त ते बारीक आणि वरच्या थरात असावे. जिभेला प्रथम तेच लागते.

तळलेले दाणे म्हणजे तेलच तेल आणि भाजलेले म्हणजे पथ्याचे, ही विभागणी आकड्यांवर टिकत नाही. १०० ग्रॅम कोरड्या भाजलेल्या शेंगदाण्यांत साधारण ५८५ किलोकॅलरी असतात आणि तेलात तळलेल्यांत ६०० च्या आसपास. पदार्थ तळताना त्यातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि रिकाम्या झालेल्या जागेत तेल शिरते. वडा, भजी, बटाट्याचे काप यांत पाणी भरपूर, म्हणून तेलही भरपूर शिरते. दाण्यात निघून जायला पाणीच थोडे असते. पथ्यच करायचे तर हिशेब मुठींचा ठेवावा. भाजलेल्या दाण्यांची दुसरी मूठ तळण्यातल्या फरकापेक्षा कितीतरी महाग पडते. बेसनाच्या दाण्यांना मात्र हा दिलासा लागू नाही, कारण तिथे ओले पीठ तेल ओढते.

याच बेसनाच्या दाण्यांत पीठ जास्त आणि सोडा जास्त म्हणजे कुरकुरीतपणा जास्त, अशी समजूत आहे. जाड थर बाहेरून तांबूस होतो आणि आत पिठाळ राहतो. सोड्याने थर फुगतो खरा, पण प्रमाण वाढले की तेल अधिक पितो आणि चव साबणासारखी लागते. बेसनात चौथा हिस्सा तांदळाचे पीठ घालावे, पाण्याचा फक्त हबका मारावा आणि पीठ दोन वेळा शिंपडून पातळ थर चढवावा. दाणे सुटे सोडून मध्यम आचेवर तळावेत. कच्चे दाणे घेतले तर पीठ तळता तळता दाणाही भाजला जातो. आधी खरपूस भाजलेले घेतले तर ते आत करपतात.

मायक्रोवेव्हमध्ये दाणे भाजले जात नाहीत, नुसते गरम होतात, हेही खरे नाही. एकेका मिनिटाने हलवत वाटीभर दाणे तीन-चार मिनिटांत व्यवस्थित भाजले जातात. अडचण वेगळी आहे. उष्णता आतून वाढते, त्यामुळे बाहेर रंग दिसण्याआधीच गाभा जळालेला असू शकतो.

खरेदीतही काही समज आहेत. बाजारातल्या घुंगरू, स्पॅनिश, जाडा या नावांपैकी एकच भाजायला चांगला, असे काही नाही. एकाच कढईत एकाच आकाराचे दाणे असणे जास्त महत्त्वाचे. काजूवरचा २४०, ३२० हा आकडा मोठा म्हणजे काजू भारी, हे तर नेमके उलटे आहे. तो आकडा एका पौंडात मावणाऱ्या गरांची संख्या सांगतो, म्हणजे आकडा लहान तितका गर मोठा. मसाला लावायला पाकळी काजू चालतो, किंबहुना सपाट बाजूवर मसाला अधिक धरतो. दुकानातला ‘कच्चा काजू’ही खरे तर कच्चा नसतो. काजूच्या टरफलात त्वचा भाजणारे तेल असते आणि फोडण्यापूर्वी बी वाफवली किंवा भाजली जाते. कोकण-गोव्यात ओले काजू सोलणाऱ्यांच्या हाताची कातडी जाते ती याच तेलाने. ते ओले गर उसळीचे. कढईत ते कुरकुरीत होत नाहीत.

भाजलेला पदार्थ कच्च्यापेक्षा जास्त टिकतो, हा नियम रवा किंवा शेवयांबाबत ठीक आहे. दाण्यांचे उलट होते. भाजल्यावर पेशींच्या भिंती तुटतात, तेल मोकळे होते आणि हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग वेगाने होतो. खवटपणा हाच. सादळणे वेगळे आणि खवट होणे वेगळे. सादळलेले दाणे पाच मिनिटे पुन्हा गरम करून थंड केले की कुरकुरीत होतात. खवट झालेले काही केल्या सुधारत नाहीत आणि जास्त तिखट घालून तो वास लपवणे हा शहाणपणा नव्हे. दाणे पूर्ण निवल्यावरच बरणीत भरावेत, नाहीतर आतल्या वाफेनेच ते मऊ पडतात. बरणी लहान, काठोकाठ भरलेली आणि उजेडापासून दूर असावी. कोकणातल्या पावसाळी हवेत फ्रीज उत्तम, पण बाहेर काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. घरचे मसाला दाणे दोन-तीन आठवड्यांत संपवावेत.

भाजले की सगळे शुद्ध होते, हा समज या सर्वांत धोकादायक आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड बुरशीग्रस्त असल्याचे आढळले. तिथूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला, आणि ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. ते यकृताला घातक आहे आणि कर्करोगाला कारण ठरते. भाजल्याने बुरशी मरते. विष थोडे कमी होते, पण नष्ट होत नाही. सुरकुतलेले, काळपट, हिरवट झाक आलेले किंवा कडू लागणारे दाणे भाजण्यापूर्वीच निवडून टाकावेत. आईच्या सुपातले निवडणे-पाखडणे खरोखरच कामाचे होते.

शेंगदाण्याने कोलेस्टेरॉल चढते, असे अजूनही ऐकू येते. कोणत्याही वनस्पतिजन्य दाण्यात कोलेस्टेरॉल नसल्यासारखेच असते आणि यांतले तेल मुख्यतः असंतृप्त असते. ‘दाण्यांवर पाणी पिऊ नये, खोकला होतो’ हा घरोघरचा इशारा आहे. पाणी आणि दाण्याचे तेल यांतून पोटात खोकला तयार होत नाही. घशात खवखव होते ती बहुधा सालीच्या बारीक तुकड्यांनी आणि तिखट-मिठाने, आणि पाण्याने ती कमीच होते. लोक नट म्हणतात तो शेंगदाणा खरे तर तुरी-हरभऱ्याच्या कुळातला आहे, पण म्हणून त्याची ॲलर्जी सौम्य नसते. भाजल्याने ती जात नाही, उलट कोरड्या भाजणीने काही प्रथिने अधिक त्रासदायक होऊ शकतात. पाहुण्यांपुढे वाटी ठेवण्याआधी विचारून घ्यावे. आणि चार-पाच वर्षांच्या आतील मुलांच्या हाती अख्खा दाणा, मग तो शेंगदाणा असो, काजू असो की बदाम, देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यांच्यासाठी कूट करावे.