चाबूक कुणाच्या हातात?

आज एका चित्राविषयी बोलू या. रेडिओवर चित्र दिसत नाही, तेव्हा आम्ही सांगतो तसं ते डोळ्यांपुढे आणा.

सर्कशीचं गोल रिंगण. पांढुरका, दणकट घोडा पाठमोरा दौडतोय. त्याच्यावर हिरव्या पोशाखातली एक बाई दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली आहे. पलीकडे रिंगमास्टर, हातात लांब चाबूक. बाईची नजर त्याच्यावर. प्रेक्षक मोजकेच, तेही चित्राच्या कडेला अर्धेमुर्धे.

पॅरिसच्या फर्नांदो सर्कशीतलं हे दृश्य तुलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकाराने १८८७-८८ मध्ये रंगवलं. त्याआधी तिथे 'इम्प्रेशनिझम' ही चित्रांची नवी तऱ्हा आली होती. घोटून रेखीव काढण्यापेक्षा, एका क्षणी डोळ्यांना जे जाणवलं ते मोकळ्या फटकाऱ्यांनी उतरवायचं. लोत्रेक पुढच्या पिढीचे, पण हा मोकळेपणा त्यांनी उचलला. म्हणून या चित्रात रोषणाई आणि टाळ्या नाहीत. आहे ते काम : तोल, वेग आणि चाबकाचा धाक. लहानपणी पडून लोत्रेक यांच्या दोन्ही मांड्यांची हाडं मोडली होती, पायांची वाढ खुंटली होती. पडणं काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं.

चित्राच्या नावात त्या बाईचं नाव नाही. ती नुसती 'घोडेस्वार'. पण त्याच काळात, पॅरिसच्या त्याच मोंमार्त्र वस्तीत सुझान व्हालादों राहत होत्या. आई एकटी, कष्टकरी. सुझान कोवळ्या वयात सर्कशीत कसरती करू लागल्या, पडल्या आणि ते काम सुटलं. मग पोटासाठी त्या चित्रकारांपुढे तासन्‌तास बसू लागल्या. लोत्रेक आणि रन्वार यांनीही त्यांची चित्रं काढली. बसल्या बसल्या सुझान त्यांचे हात बघत राहिल्या आणि स्वतः चित्रं काढायला शिकल्या. देगा या नामवंत चित्रकाराने त्यांची रेखाटनं विकत घेतली. १८९४ मध्ये ती पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, खाली त्यांच्या नावासकट.

तर मैत्रिणींनो, कॅलेंडरवर, पुस्तकात कुठेही बाईचं चित्र दिसलं की तीन गोष्टी विचारा. ती कुठे बघते आहे? चाबूक कुणाच्या हातात आहे? आणि हे चित्र तिनेच काढलं असतं, तर कसं दिसलं असतं? उत्तरं आम्हाला जरूर कळवा.