बंदी उठल्यावर

सुदुंबरे म्हटले की संताजी महाराज जगनाडे यांची समाधी डोळ्यांपुढे येते. त्याच मावळ तालुक्यात, इंद्रायणी ओलांडून दक्षिणेला गेले की द्रुतगती मार्गाजवळ गहुंजे लागते. तिथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मोठे मैदान आहे. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी या मैदानावर मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात सामना सुरू झाला. सामना नुसता सरावाचा. त्याचे गुण कुठल्या तक्त्यात धरले जाणार नव्हते. महाराष्ट्राकडून सलामीला आलेल्या पृथ्वी शॉने १८१ धावा काढल्या. अर्शीन कुलकर्णीबरोबर त्याने पहिल्या गड्यासाठी तीनशेच्या वर धावांची भागी केली. मग तो बाद झाला, आणि परत जाता जाता मुंबईच्या मुशीर खानशी त्याची अशी जुंपली की पंचांना मध्ये पडावे लागले.

सरावाच्या खेळात एवढा राग कशाचा? चार महिन्यांपूर्वीपर्यंत हाच गडी मुंबईचा होता, हे त्याचे उत्तर. पण तेवढ्याने भागत नाही. घरचा खेळाडू पाहुण्याच्या बाजूला का जाऊन बसला, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

पृथ्वी विरारचा. आई लहानपणीच गेली. वडील त्याला घेऊन रोज लोकलने वांद्र्याला सरावाला जात. नोव्हेंबर २०१३ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, शाळांच्या हॅरिस ढालीच्या सामन्यात त्याने आझाद मैदानावर एकट्याने ५४६ धावा केल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक जिंकला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. वय अजून एकोणीसही पुरे नव्हते. आमचे म्हणणे, इतके सगळे इतक्या लवकर मिळणे हेच कुणाही पोराला जड जाते. असो.

२२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला, मुंबईकडून खेळत असताना, त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटलिन सापडले. हे द्रव्य श्वासनलिका मोकळी करते आणि खोकल्याच्या कित्येक पातळ औषधांत असते. दुकानातून सहज बाटली आणावी, दोन चमचे घ्यावे, इतकी साधी गोष्ट. पण खेळाच्या कायद्यात ते निषिद्ध आहे, आणि त्या कायद्याचा एक कडक नियम शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावा. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. औषध कोणी दिले, कशासाठी घेतले, हे शिक्षा किती द्यायची ते ठरवताना पाहिले जाते. दोष झाला की नाही ते ठरवताना नाही. खरोखर गरज असेल तर डॉक्टरांचे कागद जोडून रीतसर परवानगी घेता येते, पण ती आधी घ्यायची असते. तालुक्याच्या कबड्डीला कोणी बाटली पुढे करीत नाही. मात्र आपला गडी राष्ट्रीय स्पर्धेत उतरला की ही तपासणी त्याच्याही वाट्याला येऊ शकते.

पृथ्वीने औषध नकळत घेतले, हे नियामक मंडळाने मान्य केले आणि आठ महिन्यांची बंदी घातली. ती ३० जुलै २०१९ रोजी जाहीर झाली, पण मोजली गेली १६ मार्चपासून. म्हणजे जाहीर होईपर्यंत साडेचार महिने सरले होते, आणि तेवढ्यात तो आयपीएल खेळूनही मोकळा झाला होता! १५ नोव्हेंबरला बंदी संपली. १७ तारखेला वानखेडे मैदानावर मुंबईने त्याला पुन्हा उतरवले, त्याने आसामविरुद्ध ६३ धावा केल्या, आणि झाले गेले विसरले गेले असे सर्वांना वाटले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. संघाशी त्याचे बिनसले ते या बंदीमुळे, असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. बंदीनंतर मुंबईने त्याला जवळच केले. २०२०-२१ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने ८२७ धावा केल्या आणि अंतिम सामन्यात कर्णधार म्हणून मुंबईला करंडक मिळवून दिला. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला त्याने आसामविरुद्ध ३७९ धावा काढल्या. रणजी स्पर्धेत याहून मोठी खेळी एकच आहे, भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात ती झाली. ब्रॅडमनच्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना समोरच्या काठेवाड संघाने खेळ सोडून दिला, आणि निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. नशिबाचा हिशेब कुणाचा कसा लागेल, सांगता येत नाही.

मग तुटले कुठे? ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले. यादी लावताना कारण दिले नव्हते. वर्तमानपत्रांत मात्र वाढलेले वजन आणि सरावातली बेशिस्त ही कारणे छापून आली. नोव्हेंबरात त्याला एकवार वीस षटकांच्या स्पर्धेत घेतले, मुंबईने ती जिंकली, आणि लगेच विजय हजारे स्पर्धेतून त्याला पुन्हा बाहेर ठेवले. तेव्हा त्याने जाहीरपणे देवालाच विचारले, की ६५ डावांत ३,३९९ धावा पुरेशा नाहीत तर आणखी काय पाहायचे बाकी आहे? कर्णधार श्रेयस अय्यरचे म्हणणे असे होते, की गुण त्याच्यात भरपूर आहेत, पण कामाची शिस्त त्याची त्यानेच लावून घ्यायची. मोठ्या माणसाला कोणी कडेवर घेऊन फिरत नाही. मुंबई संघटनेतल्या एका अधिकाऱ्याने तर सांगितले, की चेंडू त्याच्या शेजारून जायचा तरी त्याला अडवता येत नसे, आम्ही दहाच गड्यांनी क्षेत्ररक्षण केले.

ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहा. एकजण धावा मोजतो आहे, दुसरे अडवायचे राहिलेले चेंडू मोजताहेत. दोघांचे आकडे आपापल्या जागी बरोबर, पण वही एक नाही. बंदीला निदान तारीख होती, लेखी होती. कधी सुटणार हे पोराला ठाऊक होते. इथे कशाने सुटका होईल हे बाहेरच्यांना तरी कुठे लिहिलेले दिसले नाही. शाळेत एखाद्या मुलाला आपण संघातून काढतो तेव्हा “सुधार आधी” एवढेच म्हणतो. काय सुधारायचे, किती, आणि कोण पाहणार, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. तेवढीही आपण देत नाही.

प्रत्येक वेळी दोष खेळाडूचाच असतो असेही नाही. १९३६ मध्ये लाला अमरनाथांना इंग्लंडच्या दौऱ्यातून बेशिस्तीचा ठपका ठेवून बोटीने परत धाडले होते. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार होते. पुढे चौकशी झाली, अमरनाथ निर्दोष ठरले, आणि १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेलेल्या भारतीय संघाचे तेच कर्णधार झाले. पृथ्वीचे प्रकरण वेगळे. सरावाला वेळ कमी दिला, संगत चुकली, हे २०२५ मध्ये त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये त्याने मुंबईकडे ना हरकत दाखला मागितला; संघटनेने तो दिला. जुलैत तो महाराष्ट्राकडे आला. ऑक्टोबरात गहुंज्याची ती बाचाबाची झाली, आणि कर्णधार अंकित बावणेने, सरावाचा सामना आहे, सगळे जुने सवंगडी आहेत, म्हणून विषय वाढू दिला नाही. आठवडाभराने रणजीत केरळविरुद्ध पहिल्या डावात पृथ्वी शून्यावर गेला. दुसऱ्या डावात ७५ धावा केल्या. पुढच्या सामन्यात चंदीगडला त्याने १५६ चेंडूंत २२२ धावा काढल्या. सामन्याचा उत्तम खेळाडू म्हणून पुकारा झाला तो पहिल्या डावातल्या शतकवीराचा, ऋतुराज गायकवाडचा. ऋतुराजने बक्षीस घेतले आणि पृथ्वीला बोलावून ते दोघांत वाटून घेतले.